उघड्या रानाची शाळा

चैत्र लागला की टोकावड्याच्या रानात सावली विरळ होते. साग केव्हाच उघडा पडलेला असतो, ऐनाची भेगाळलेली साल उन्हात तापते, पायाखाली पाचोळा करकरतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाणाऱ्या गाड्या काचा वर करून इथून निघून जातात. उजव्या हाताला सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचा सुळका, समोर नानाचा अंगठा आणि जीवधन. एवढं सगळं दिसत असूनही गाडीतल्या बहुतेकांचं मत एकच असतं : इकडे यावं ते पावसाळ्यात, धबधबे सुरू झाले की. मला हे मत मनापासून खटकतं. मुलांना रान दाखवायचं असेल तर ते चैत्र-वैशाखातच दाखवावं, आणि या मुलुखात दाखवावं, असं मला वाटतं.

पावसाळ्यात रान सुंदर दिसतं, पण ते स्वतःला झाकून घेतं. सगळीकडे एकच हिरवा रंग, पक्ष्याचा नुसता आवाज, घरटं पानांच्या आड. उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र झाड न् झाड वेगळं होऊन उभं राहतं. होळीच्या आगेमागे पळस आणि पांगारा पेटून जातात. काटेसावरीची फुलं गळून तिची बोंडं तडकतात आणि कापूस उडायला लागतो. अंगावर पानंच नसल्यामुळे त्या कापसाला वाटेत अडवायला काही नसतं. कोशिंबीला तर याच उन्हात लाल पालवी फुटते. दुरून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. कोवळ्या पानात हिरवा रंग भरण्याआधी हा लाल रंग त्याला उन्हापासून राखतो, असं वनस्पतिशास्त्र सांगतं. मग कुडा पांढरा होतो, बहावा पिवळा होतो, आणि वैशाखाच्या अखेरीस ओढ्याकाठी ताम्हण जांभळा होतो. तो आपल्या राज्याचा मानाचा फूलवृक्ष. पण शहरातल्या किती मुलांनी त्याचं फूल झाडावर पाहिलं असेल, हा विचार मला दर वर्षी अस्वस्थ करतो.

निष्पर्ण फांदीवर पक्षी लपत नाही. तांबट वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडून घर करतो. त्याचं ‘टुक टुक’ ऐकून वर पाहिलं तर लाल कपाळाचं, पिवळ्या गळ्याचं ते बोटभर पाखरू सहज सापडतं. हळद्या या झाडावरून त्या झाडावर जाताना दिसतो. पावशा ओरडायला लागतो आणि गावातली म्हातारी माणसं आभाळाकडे बघून राबाचा विषय काढतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला डोळ्यांना दुर्बीण धरता येत नाही, तेवढा त्याला दमही नसतो. त्याला पक्षी नुसत्या डोळ्यांनी, लगेच दिसावा लागतो. ती सोय हे दोन महिने करतात.

मुंबईत निसर्ग शिकवणारी केंद्रं आहेत आणि त्यांचं मोल मला ठाऊक आहे. धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी जिथे शहराचा कचरा टाकत, त्या जागेवर झाडं लावून उभं केलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ साली लोकांना खुलं झालं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला, चित्रनगरीशेजारच्या झाडीत आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तर शहराच्या कुशीतच. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, विसाव्या मजल्यावरच्या मुलाला तिथे पहिल्यांदा फुलपाखराचा सुरवंट दिसतो, आई-बापांना सुट्टीच्या सकाळी पोरांचा हात धरून चालायला जागा मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण केंद्राला कुंपण असतं, ठरलेली वाट असते, झाडावर नावाची पाटी असते. पाटी वाचली की मूल पुढे जातं.

टोकावड्याला अशी पाटी नाही. बाजारपेठ आहे, वनखात्याचं कार्यालय आहे, एस.टी. थांबते. आणि भोवतीच्या वाड्यांवर ठाकर, महादेव कोळी, कातकरी माणसं आहेत, ज्यांना हे रान पाठ आहे. इथलं निसर्ग केंद्र उभारायचं झालं तर माझ्या मते वीट लावायची गरज नाही. माणसं आहेत, तेवढी पुरे.

ही कल्पना आपल्या ठाणे जिल्ह्याला नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ही दोन्ही गावं डहाणू तालुक्यातली, आणि तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात होती. मग या बायकांनी शाळाच गुरांच्या मागे नेली. कुरणशाळा म्हणत तिला. बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हेच साधन. मोजायचं ते त्यांनीच, रंग ओळखायचे ते त्यांवरूनच. आपण मराठी माणसं बालशिक्षणाच्या गोष्टी निघाल्या की परदेशी नावं घेतो. त्यात वावगं काही नाही, ताराबाईंनीही माँटेसोरी पद्धतीचाच अभ्यास केला होता. पण ती पद्धत कुरणात नेऊन चिंचोक्यांवर बसवायला लागणारी बुद्धी आणि माया इथली होती.

कुरणशाळेत शिकवत होत्या त्या शिकलेल्या बाया आणि शिकत होती ती रानातली मुलं. आता हे उलट व्हायला हवं, असं मला टोकावड्याच्या रानात वारंवार वाटलं आहे. शिकायची पाळी आपली आहे.

एका सकाळी काही कुटुंबांबरोबर मी तिथल्या एका वाडीजवळच्या आंब्याखाली बसले होते. डोंबिवलीची एक मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, खालच्या फांदीकडे एकटक बघत होती. तांबड्या मुंग्या पानांचं घर बांधत होत्या. दोन पानांच्या मधे बोटभर फट होती आणि मुंग्यांनी एकमेकींच्या कमरेला धरून त्या फटीवर साखळी केली होती. साखळी आखडत गेली, पानं जवळ आली. मग आतून दुसऱ्या काही मुंग्या आल्या. त्यांच्या जबड्यात पांढरी अळी होती, त्यांचंच पिल्लू. ते पिल्लू या पानाच्या कडेला टेकवायचं, मग त्या पानाच्या, पुन्हा या. पिल्लाच्या तोंडातून रेशमाचा धागा निघत होता आणि पानं शिवली जात होती. मुलीचे वडील फोन काढून ‘कुठली जात आहे बघू’ म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे न बघताच त्यांचा हात खाली केला.

आमच्याबरोबर वाडीतल्या एक आजी होत्या. मुलगी बोट पुढे करायला लागली तशा त्या म्हणाल्या, “हात नको लावू गं बाय, डसतील. त्या आंब्याची राखण करत्यात.” वडिलांनी विचारलं, राखण म्हणजे? आजींनी समजावलं की या मुंग्या असल्या की आंब्याला कीड कमी लागते, म्हणून घरटं काढून टाकायचं नाही. आंबे उतरवताना अंगाला राख चोळून चढायचं. मी ऐकत राहिले. इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिलेल्या एका चिनी ग्रंथात नोंद आहे की संत्र्याच्या बागांसाठी याच मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत. किडीवर किडा सोडण्याची जगातली ती सगळ्यांत जुनी लेखी नोंद मानतात. आजींना ते पुस्तक ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांच्या आंब्याला ठाऊक आहे, तेवढं पुरेसं आहे. त्या मुलीने पुढचा बराच वेळ झाडाखालून हलायला नकार दिला, आणि ठरलेली निम्मी वाट आम्ही चाललोच नाही. मला तो दिवस अतिशय यशस्वी वाटला.

वैशाखात करवंदं पिकतात. जाळीला दुहेरी काटे, देठ तोडला की पांढरा चीक, बोटं चिकट. मुलांनी करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. या खेळात कल्याणचं मूल आणि वाडीचं मूल यांची दोस्ती व्हायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. आश्रमशाळेला सुट्टी लागलेली असते, वाडीची पोरं आईबरोबर रानात असतात. कुठल्या जाळीची करवंदं गोड, कुठल्या जाळीत सापाची कात पडलेली, कुठली नुसती आंबट-ढाण, हे त्यांना माहीत असतं. शाळेत गणितात मागे पडणारा मुलगा इथे पुढे चालतो आणि शहरातला हुशार मुलगा त्याच्या मागोमाग पाय टाकतो. दोघांच्याही चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं ते बघायला त्यांच्या आयांनी जवळ असायला हवं. म्हणून मी म्हणते की मुलांना एकटं शिबिराला पाठवू नका, सोबत या.

पण हेही डोळ्यांआड करू नये की ज्या करवंदांवर आपली मुलं खेळतात, त्यांवर कुणाचं तरी मीठ-मिरचीचं भागतं. पहाटे अंधारात जाळ्या धुंडायच्या, ओचे भरायचे, पळसाच्या पानांचे द्रोण बांबूच्या काडीने टाचायचे आणि माळशेजच्या रस्त्याला उन्हात उभं राहायचं. मोहाचंही तसंच. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, उजाडताच बायका-पोरं वेचायला बसतात. ते फूल जाडसर, रसाळ, गोड. वटवाघळांचा त्यावर आधी हक्क असतो. नंतर फळं येतात, बियांचं तेल निघतं. चैत्र-वैशाख हा या माणसांचा रानातल्या कामाचा मोसम आहे. त्याच दिवसांत आपण त्यांना ‘जरा रान दाखवा’ म्हणतो, तेव्हा त्यांची रोजी बुडते. तिची भरपाई मानाने व्हायला हवी. मुंबईच्या तज्ज्ञाला मानधन आणि वाडीच्या माणसाला चहा, हा हिशेब मला मान्य नाही.

पाण्याचा धडा तर इथल्याइतका कुठेच शिकवता येणार नाही. मुंबईच्या मुलाला विचारा, नळाला पाणी कुठून येतं? ते म्हणेल, टाकीतून. तानसा, वैतरणा, भातसा ही नावं त्याने पुस्तकात वाचलेली असतात. ती शेजारच्या शहापूर तालुक्यात आहेत, हे त्याच्या कधी ध्यानात आलेलं नसतं. तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून या रानातून मुंबईला पाणी जातं. त्याच शहापुरात आणि मुरबाडात एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात, गावांना टँकर लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे रोजची आहे. काळू नदीवरच्या नव्या धरणाच्या कामाला २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ती इथल्याच लोकांच्या संघटनेने दाद मागितल्यावर. मुलांना यातलं राजकारण सांगावं असं मी म्हणत नाही. पण आटत चाललेल्या झऱ्यावर वाटीने पाणी भरणाऱ्या बाईच्या शेजारी पाच मिनिटं उभं करावं आणि आपली बाटली त्याच झऱ्यावर, तिच्या मागे रांगेत थांबून भरू द्यावी. रानाच्या सहलीत हा भाग ‘दुःखद’ म्हणून गाळतात. मी तो कधीच गाळणार नाही.

पाणवठ्यावर रान स्वतःची हजेरी लावतं. वैशाख पौर्णिमेला वनखात्याची माणसं अभयारण्यांत मचाणावर बसून पाण्याला येणारी जनावरं मोजतात, कारण त्या रात्री चांदणं लख्ख असतं आणि रानात पाणी थोड्याच जागी उरलेलं असतं. मुलांना रात्रभर मचाणावर बसवणं शक्य नाही, पण सकाळी झऱ्याच्या कडेचा चिखल वाचता येतो. भेकराचा नाजूक खूर, रानडुकराने उकरलेली माती, मोराचे तीन बोटांचे ठसे. वाडीतला एखादा दादा वाकून सांगतो, हे रात्रीचं, हे पहाटेचं, हे आत्ताचं. त्याला हे कसं कळलं, असं मुलांनी विचारलं की तो ठशाची कड दाखवतो : वाळलेली, ढासळलेली, ओली. मुलं लगेच दुसरा ठसा शोधतात आणि वाद घालायला लागतात. एवढा जिवंत वाद मी कुठल्या वर्गात ऐकलेला नाही.

मुलांना सांगावी अशी या रानाची एक गोष्टही आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नाही. ते संपलं, असंच सगळे धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. आणि २०१४ मध्ये ते तानसा अभयारण्यात सापडलं, मुंबईपासून जेमतेम दोन-तीन तासांच्या वाटेवर. ते दिवसाही हिंडतं, सागाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसतं. ही गोष्ट ऐकल्यावर मुलं प्रत्येक सागाकडे डोळे बारीक करून बघायला लागतात. दिसेल असं वचन त्यांना कुणी देऊ नये. बघण्याची ती सवय लागली, तेवढ्यानेच काम झालं.

वणव्याबद्दल मात्र कडक बोलायला हवं. फाल्गुनापासून या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात. कुणी नवं गवत फुटावं म्हणून लावतं, कुणी मोहाखालचा पाचोळा जाळायला जातं आणि आग हाताबाहेर जाते, कुणी गडावर आलेला पाहुणा विडीचं थोटूक टाकून निघून जातो. रातवा घरटं बांधत नाही. पाचोळ्यात, उघड्यावर अंडी घालतो आणि त्यावर असा बसतो की दोन हातांवरूनही तो पान वाटतो. आग आली की शेवटपर्यंत बसून राहतो. जळलेल्या उतारावरून मुलांना एकदा चालवावं, पायाला काळी राख लागू द्यावी. आणि त्याच वेळी वनखात्याचे मजूर जाळरेषा कशा काढतात, पाचोळा पट्ट्यापट्ट्याने कसा झाडून घेतात, ते दाखवावं. दहा वर्षांच्या मुलांनीही हातात फांद्या घेऊन तासभर ते काम करून पाहावं. कामाने हात काळे झालेलं मूल रानात काडी ओढणाऱ्याला हटकायला घाबरत नाही.

ज्येष्ठाच्या तोंडाशी काजवे येतात आणि मग मात्र सगळं शहर धावतं. त्या गर्दीची मला धास्ती वाटते. काजवा लुकलुकून जोडीदाराला बोलावतो. त्याला त्यासाठी थोडेच दिवस मिळतात. गाड्यांचे दिवे, फोनचे दिवे, गाणी, झाडाखाली उभी राहिलेली माणसं यांनी तो गोंधळतो, आणि मादी जमिनीलगत असते ती पायाखाली जाते. घाटावर, अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने यावर चांगली वाट दाखवली आहे. तिथे गावकऱ्यांच्या घरी उतरायचं, त्यांच्या चुलीवरचं जेवायचं, आणि गावचाच माणूस सोबत येणार. मुरबाडच्या बाजूलाही डोंगराखालच्या वाड्यांनी हेच करावं, आणि आपण ते त्यांच्या अटींवर मान्य करावं.

माझ्या मनातला कार्यक्रम अगदी साधा आहे. चार-पाच कुटुंबं, त्याहून जास्त नाही. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत सावलीला बसायचं. वाडीतली एक बाई आणि एक मुलगा वाट दाखवणार, तेच गुरुजी. मोठ्यांनी माहिती सांगण्याचा मोह आवरायचा. दुपारी वाडीत जेवण, नाचणीची भाकरी आणि जे काही रानातून आलं असेल ते. चढाओढ नाही, बक्षीस नाही, किती पक्षी पाहिले याची यादी नाही. आणि तेच कुटुंब पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच झाडाखाली. कारण कोशिंब लाल होती ती हिरवी झालेली बघितल्याशिवाय मुलाला झाड ओळखीचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला, त्याची पुस्तकं निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या. त्या वह्यांत चिकटवलेली छापील झाडं मी खूप पाहिली आहेत. त्यापेक्षा इथल्या झाडाखालची एक सकाळ मला मोलाची वाटते.

तेव्हा यंदा धबधब्यांची वाट बघू नका. चैत्र-वैशाखात या. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या बाजूला जाणारी एस.टी. टोकावड्याला थांबते. येताना पाण्याची बाटली, टोपी, अंग झाकणारे कपडे घ्या. काडेपेटी आणि गाण्याचा डबा घरी ठेवा. वाडीत शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, त्यांच्या दिवसाची मजुरी आधीच ठरवा आणि हातात द्या. मुलांना त्यांच्या पुढे नव्हे, मागे चालू द्या. आणि परतताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीकडून करवंदांचा द्रोण घेतलात, तर ती जी किंमत सांगेल ती द्या. घासाघीस करू नका.